सॉफ्टवेअरची सावड

वारणेकाठच्या एका गावातल्या दूध संस्थेत मी पहाटे साडेपाचला पोचले, तेव्हा किटल्या-बरण्यांची रांग दाराबाहेर आली होती. आत वजनकाटा, शेजारी फॅटचं यंत्र आणि कोपऱ्यातल्या टेबलावर आम्ही बसवलेला संगणक, फडक्यानं झाकलेला. सेक्रेटरी वहीत लिहीत होते. आदल्या आठवड्यात त्यांनी तीन दिवस आमचं सॉफ्टवेअर वापरून पाहिलं आणि चौथ्या दिवशी बंद करून टाकलं, म्हणून कंपनीनं मला पुण्याहून पाठवलं होतं. मी म्हटलं, आज शिकवायला आलेले नाही, नुसती शेजारी बसून बघते. ‘बसा मॅडम,’ म्हणाले आणि पुन्हा वहीत डोकं घातलं.

पुढच्या दीड तासात जे दिसलं, ते आमच्या चाळीस पानी कागदपत्रात कुठेच नव्हतं. आमच्या पडद्यावर सभासदाचं नाव यादीतून निवडायचं, मग म्हैस की गाय, मग लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) आणि शेवटी जतन. पुण्यात बसून हे सगळं नीटनेटकं वाटलं होतं. इथे त्यात एका माणसामागे अर्धं मिनिट जाणार होतं, दूध घालणारे दोनशेच्या वर होते आणि सात वाजता दूध संघाची गाडी दारात येऊन उभी राहणार होती. दोनशे जणांचे शंभर मिनिटं होतात, हाताशी होती नव्वद. सेक्रेटरींना सगळ्यांचे कोड नंबर तोंडपाठ. रांगेत एखादं पोर किटली घेऊन मुकाट उभं राहिलं, तरी ते कुणाच्या घरचं हे ओळखून नंबर लिहायचे. त्यांची नजर काट्यावर असायची, वहीवर क्वचितच. ती काट्यावरून हलली की मापावरून वाद होतो. म्हणजे पडद्याकडे बघायला लावणारं कुठलंही सॉफ्टवेअर त्या खोलीत चालणारच नव्हतं.

त्याहून मोठी गोष्ट गाडी गेल्यावर, चहा पिताना कळली. सेक्रेटरींच्या खिशात एक छोटी डायरी होती. काही घरांत भावाभावांच्या वाटण्या झालेल्या, म्हशी वेगळ्या, गोठे वेगळे, पण संस्थेतला शेअर अजून वडिलांच्या नावावर आणि कोड एकच. दहा दिवसांचं बिल निघालं की सेक्रेटरी डायरी बघून ते दोघांत-तिघांत वाटून द्यायचे. पशुखाद्याची कपात कुणाच्या वाट्याची, उचल कुणी घेतली, दिवाळीचा दरफरक कसा वाटायचा, सगळं त्या डायरीत. आमच्या सॉफ्टवेअरनं सगळे पैसे एकाच भावाच्या खात्यात टाकले असते. वाटण्यांच्या वेळी जे भांडण मोठ्या कष्टानं मिटलं होतं, ते आम्ही दर दहा दिवसांनी उकरून काढलं असतं.

आमच्या कागदपत्रावर सही चेअरमनांची होती. ते सज्जन होते, संस्थेसाठी झटणारे होते, पण काट्यापाशी उभं राहून त्यांना वीस वर्षं झाली होती. आणि आम्ही त्यांच्याशी बोललो होतो तेही ऑफिसात, दुपारी बारा वाजता.

मी तिथे आठ दिवस राहिले. सकाळ-संध्याकाळ दोन्ही संकलनांना बसायचं, दुपारी त्याच टेबलावर सॉफ्टवेअरचा कोड बदलायचा, संध्याकाळी तो सेक्रेटरींच्या हाताखाली चालतो का ते बघायचं. नावांची यादी काढून टाकली. सगळं आकड्यांच्या कळांवर आणलं. नोंद झाली की बारीक आवाज येईल असं केलं, म्हणजे बघायला नको. एका कोडखाली पोटखाती आणली. त्यांना काय म्हणायचं हे सेक्रेटरींनीच सांगितलं: चूल. ‘चूल एक’, ‘चूल दोन’. तो शब्द तसाच पडद्यावर गेला आणि कुणालाही समजावून सांगावा लागला नाही. आठव्या दिवशी मी ‘मॅडम’ची ‘ताई’ झाले होते.

त्या आठ दिवसांचे पैसे आमच्या कंपनीला मिळाले नाहीत. ‘शेजारी बसून बघणे’ असं कलम करारात नव्हतं. माझं म्हणणं त्या नसलेल्या कलमाबद्दल आहे.

लोकांच्या पैशातून घेतल्या जाणाऱ्या सॉफ्टवेअरबद्दल मी बोलते आहे. मंत्रालयातली खाती, विद्यापीठं, महापालिका, जिल्हा परिषदा, सहकारी संस्था. ही सगळी मंडळी सॉफ्टवेअर विकत घेतात ते खुर्च्या-टेबलं घेतल्यासारखं: आधी वर्णन लिहायचं, मग दर मागवायचे, कमी दर देणाऱ्याला काम द्यायचं, माल आला की मोजून घ्यायचा. सॉफ्टवेअर असं होत नाही. वापरणारा आणि करणारा एकमेकांशेजारी बसले तरच ते होतं. त्या बसण्याला करारात जागा नसेल, मोल नसेल, तर ते होत नाही. मग जे मिळतं त्यावर फडकं पडतं.

आमच्या भागात शेतकऱ्यांमध्ये सावड असते. एकेक बैल असलेले दोघं बैल एकत्र करून औत धरतात, आज तुझ्या रानात, उद्या माझ्या. कोळपणी-भांगलणीलाही बाया अशाच एकमेकींच्या शेतात जातात. लहानपणी मी हे बघितलंय आणि त्यातली एक गोष्ट फार उशिरा लक्षात आली. सावडीला आलेला माणूस दुसऱ्याच्या रानात औत वरवर धरत नाही, कारण उद्या तोच शेतकरी त्याच्या रानात येणार असतो. कामाचा दर्जा त्या ‘उद्या’मुळे राखला जातो. चांगल्या सॉफ्टवेअर टीममध्ये हेच चालतं. आज मी तुझा कोड वाचते, उद्या तू माझा. सहा महिन्यांनी तो कोड दुरुस्त करायची पाळी आपल्यापैकीच कुणावर तरी येणार आहे, हे दोघींनाही माहीत असतं. म्हणून नावं नीट दिली जातात, म्हणून अवघड जागी दोन ओळींचं स्पष्टीकरण लिहिलं जातं.

सल्लागाराच्या करारात हा ‘उद्या’ नसतो. काम संपलं, साइन-ऑफ झालं, शेवटचा हप्ता जमा झाला, टीम दुसऱ्या क्लायंटकडे. गेली बावीस वर्षं मी या धंद्यात आहे आणि वाईट कोड लिहिणारी वाईट माणसं मला फारशी भेटलेली नाहीत. ज्यांना उद्या या रानात यायचं नव्हतं अशी माणसं मात्र खूप भेटली. काही वेळा मीही त्यांच्यातलीच एक होते, याचं मला दुःख आहे.

याची किंमत लोक कशी मोजतात ते मुंबई विद्यापीठानं २०१७ मध्ये दाखवलं. त्या वर्षी उन्हाळी परीक्षांच्या सगळ्या उत्तरपत्रिका ऑनस्क्रीन तपासायचं ठरलं. सतरा लाखांहून अधिक उत्तरपत्रिका स्कॅन करायच्या आणि प्राध्यापकांनी त्या संगणकावर वाचून गुण द्यायचे. एरवी ४५ दिवसांत लागायला हवेत ते निकाल लांबत गेले. राज्यपालांनी ३१ जुलैची मुदत घालून दिली, तीही टळली. काही निकाल सप्टेंबरपर्यंत रेंगाळले. उत्तरपत्रिका सापडत नाहीत, अदलाबदल झाली आहे, अशा तक्रारींचा ढीग लागला. पदव्युत्तर आणि परदेशी प्रवेशाच्या तारखा मुलांच्या डोळ्यांदेखत निघून गेल्या. ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून दूर केलं गेलं. विद्यापीठाच्या १६० वर्षांच्या इतिहासात असं पहिल्यांदाच घडलं.

मूळ कल्पना वाईट होती असं मला वाटत नाही. ऑनस्क्रीन तपासणीत गुणांच्या बेरजा चुकत नाहीत, गठ्ठे घेऊन फिरावं लागत नाही, विद्यार्थ्याची ओळख झाकता येते. पण तीस वर्षं उत्तरपत्रिका तपासलेल्या एखाद्या प्राध्यापकाशेजारी सॉफ्टवेअर करणारा माणूस तीन दिवस बसला असता, तर त्याला काय काय दिसलं असतं! मुलं प्रश्न क्रमानं सोडवत नाहीत. एका प्रश्नाचा उरलेला भाग दहा पानांनंतर येतो. तपासणारा मागे-पुढे पानं चाळतो, आधीच्या दोन उत्तरपत्रिकांशी मनातल्या मनात तुलना करतो. दोरीनं बांधलेली पुरवणी कागदावर सुटत नाही, स्कॅन करताना सुटू शकते. हे सगळं एका विषयाच्या, एका महाविद्यालयाच्या, पाचशे उत्तरपत्रिकांवर कळलं असतं आणि कुणाचंही वर्ष गेलं नसतं. त्याऐवजी सगळ्या विद्याशाखा एका झटक्यात, ऐन परीक्षेच्या हंगामात नव्या पद्धतीवर नेल्या. प्राध्यापकांची आणि सॉफ्टवेअरची खरी ओळख झाली ती मुलांच्या निकालावर.

त्यानंतर चर्चा झाली ती दोषी कोण याची, कंपनी की कुलगुरू. निविदेच्या नमुन्याबद्दल कुणी बोललं नाही. तो नमुना अजूनही तोच आहे.

तो नमुना कसा चालतो, हे आतून बघितलेल्या माणसानं सांगायला हवं. सुरुवातीला एक मोठा सल्लागार येतो आणि गरजांची यादी लिहितो. ही यादी ज्यांच्या मुलाखतींवरून होते, ते सहसा प्रत्यक्ष काम करणाऱ्यांच्या दोन-तीन पायऱ्या वरचे अधिकारी असतात. यादी झाली की निविदा. सर्वांत कमी दराची बोली, जिला सगळे एल-वन म्हणतात, ती जिंकते. कमी दरात काम बसवायचं तर अनुभवी माणसं काढून नवी पोरं घालावी लागतात, आणि नव्या पोरांना गावी पाठवणं परवडत नाही. मग ती हिंजवडीत बसून यादी वाचतात. वाचताना शंका आली तर विचारायची कुणाला? क्लायंटला विचारलं की तो म्हणतो, यादीत लिहिलंय तसं करा. यादीत नसलेलं काही करायचं झालं की चेंज रिक्वेस्ट. तिचे वेगळे पैसे, वेगळी मंजुरी, दोन-तीन महिने. म्हणजे जी गोष्ट दूध संस्थेत एका दुपारी झाली, ती या नमुन्यात एका आर्थिक वर्षातही होईल याची खात्री नाही. शिवाय चेंज रिक्वेस्टवरच पुरवठादाराला खरा पैसा मिळतो, म्हणून यादी अपुरी राहण्यात कुणाचा तोटाही नसतो. तोटा असतो तो खिडकीवर बसलेल्या कारकुनाचा आणि खिडकीबाहेर उभ्या राहिलेल्या माणसाचा. त्या दोघांची सही कुठेच लागत नाही.

हे दुखणं एकट्या भारताचं नाही. अमेरिकेत आरोग्य विम्याची सरकारी वेबसाइट १ ऑक्टोबर २०१३ ला सुरू झाली. पन्नासहून अधिक कंत्राटदार त्यावर काम करत होते. पहिल्या दिवशी देशभरातून फक्त सहा माणसांची नोंदणी पूर्ण होऊ शकली. तुकडे सगळ्यांनी केले होते, एकत्र करून पाहायची जबाबदारी कुणा एकाची नव्हती. मग बाहेरून थोडी अनुभवी माणसं आणली गेली. त्यांनी नवं तंत्रज्ञान फारसं आणलं नाही. सगळ्या कंत्राटदारांची माणसं रोज एकत्र आणली आणि एक नियम घातला: बैठकीत बोलायचं ते ज्याला त्या अडचणीतलं सगळ्यात जास्त कळतं त्यानं, सगळ्यात मोठ्या हुद्द्याच्या माणसानं नव्हे. काही आठवड्यांत साइट बऱ्यापैकी चालू लागली. आपल्याकडच्या कुठल्याही आढावा बैठकीत हा नियम लावून बघा. साहेब बोलत असताना डेटाबेस सांभाळणारी मुलगी मध्ये तोंड उघडू शकते का?

माणसं वाढवून हे सुटत नाही, हेही आता पन्नास वर्षांपूर्वीचं ज्ञान झालं. आयबीएमच्या मोठ्या ऑपरेटिंग सिस्टिमचं काम सांभाळलेल्या फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५ मध्ये लिहून ठेवलं, की रखडलेल्या सॉफ्टवेअर प्रकल्पावर आणखी माणसं घातली तर तो आणखी रखडतो. नव्या माणसाला समजावण्यात जुन्याचा वेळ जातो आणि माणसं वाढली की आपसातलं बोलणं त्याहून जास्त पटींनी वाढतं. तरीही प्रकल्प रखडला की आपल्याकडचा पहिला प्रश्न असतो, ‘आणखी रिसोर्सेस कधी देताय?’ माणसांना ‘रिसोर्सेस’ म्हणायची सवय लागली की ती एकमेकांशी बोलतात, हे हिशोबातून गळून जातं.

वापरणाऱ्याचा आवाज बंद केला की काय होऊ शकतं, याचं मला ठाऊक असलेलं सर्वांत भीषण उदाहरण ब्रिटनच्या पोस्ट खात्याचं आहे. तिथे १९९९ पासून छोट्या पोस्ट ऑफिसांत होरायझन नावाची हिशोबाची प्रणाली आली. हिशोबात तूट दिसू लागली. पोस्टमास्तर सांगत होते, आम्ही पैसे घेतलेले नाहीत, मशीन चुकतंय. अनेकांना उत्तर मिळालं, अशी तक्रार करणारे तुम्ही एकटेच आहात. नऊशेहून अधिक माणसं चोरी, अफरातफर, खोटे हिशोब अशा गुन्ह्यांत दोषी ठरली. काही तुरुंगात गेली, काही दिवाळखोर झाली, काहींनी जीव दिला. प्रणालीत दोष होते हे उच्च न्यायालयानं २०१९ मध्ये मान्य केलं आणि त्या शिक्षा सरसकट रद्द करण्यासाठी २०२४ मध्ये संसदेला कायदा करावा लागला. ‘तुम्ही एकटेच’ हे वाक्य मी आपल्या हेल्पडेस्कवर किती वेळा ऐकलंय, याचा हिशोब नाही. वापरणारे आणि करणारे एका टेबलाशी बसत असते, एकाची तक्रार दुसऱ्याला दिसत असती, तर ते वाक्य उच्चारताच आलं नसतं.

उलट बाजूचं उदाहरण आपल्याच देशातलं आहे आणि त्याचा मला अभिमान वाटतो. छत्तीसगडमध्ये बिलासपूरजवळ गनियारीला जन स्वास्थ्य सहयोग या संस्थेचं ग्रामीण रुग्णालय आहे. दिल्लीच्या एम्समध्ये शिकलेल्या काही डॉक्टरांनी ते उभं केलं. त्या रुग्णालयासाठी थॉटवर्क्स या सॉफ्टवेअर कंपनीच्या डेव्हलपरांनी ‘बाहमनी’ ही रुग्णालयाचं काम सांभाळणारी प्रणाली विकसित केली. आधीपासून खुली असलेली ओपनएमआरएस ही रुग्णनोंदींची प्रणाली पायाला घेतली, डॉक्टर-नर्सेस-प्रयोगशाळा यांच्या प्रत्यक्ष कामाभोवती ती घडवली आणि कोड सगळ्यांसाठी खुला ठेवला. पुढे ती नेपाळच्या डोंगराळ भागात गेली, आफ्रिकेतल्या रुग्णालयांत गेली. गनियारीच्या गर्दीत टिकलं ते दूरच्या गर्दीतही टिकलं. एका ठिकाणी खोल बसून केलेलं काम असं दूरवर पोचतं. सगळ्यांसाठी म्हणून दूर बसून केलेलं मात्र बऱ्याचदा कुणाच्याच कामाचं राहत नाही.

केंद्र सरकारला हे माहीत नाही असं नाही. २०१५ मध्येच इलेक्ट्रॉनिक्स आणि माहिती तंत्रज्ञान विभागानं सरकारी सॉफ्टवेअरचा सोर्स कोड खुला करून ते सहयोगानं विकसित करण्याचं धोरण जाहीर केलं. त्यासाठी ओपनफोर्ज हे व्यासपीठही निघालं. तरी ‘आरोग्य सेतू’ २ एप्रिल २०२० ला आलं आणि त्याचा कोड खुला झाला २६ मे रोजी, बरीच मागणी झाल्यावर. धोरण चांगलं आहे, पण निविदा काढणाऱ्या अधिकाऱ्याच्या टेबलावर ते पोचत नाही.

त्या अधिकाऱ्याची बाजू मला कळते. तो म्हणेल, मॅडम, ‘आधी बसू, मग ठरवू’ असा करार केला तर उद्या लेखापरीक्षक विचारेल, इतके पैसे कशाचे दिले? एल-वन सोडून दुसऱ्याला काम दिलं तर चौकशी लागेल. यातली भीती खरी आहे आणि तिला कारणही आहे: ‘सहकार्य’, ‘लवचीकता’ या शब्दांआडून मर्जीतल्या लोकांना कामं देता येतात. हे नाकारून माझा मुद्दा पुढे जाणार नाही. पण आजच्या नमुन्यात काय तपासता येतं? हजार पानांचे अहवाल आणि सह्या. त्याऐवजी दर पंधरा दिवसांनी चालतं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांसमोर ठेवायचं, कोड खुल्या जागी ठेवायचा, कुठल्या पंधरवड्यात काय झालं हे कुणालाही बघता यावं, असा करार केला तर लबाडीला जागा कमी उरते. न झालेलं काम चालवून दाखवता येत नाही. दर आणि गुणवत्ता या दोन्हींना गुण देऊन निवड करायची पद्धत केंद्राच्या २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांत सल्लागार सेवांसाठी आहेच. नियमांची अडचण आपण सांगतो तेवढी मोठी नाही.

आमच्या धंद्याकडेही बोट दाखवायला हवं. २००१ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या युटा राज्यात सतरा डेव्हलपर जमले आणि त्यांनी अजाइलचा, म्हणजे थोडं थोडं करून दाखवत सॉफ्टवेअर घडवायच्या पद्धतीचा, छोटा जाहीरनामा लिहिला. करारावरच्या घासाघिशीपेक्षा ग्राहकासोबत मिळून काम करणं अधिक मोलाचं, असं त्यात साफ म्हटलं आहे. त्याआधीच्या एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंग या कार्यपद्धतीत तर ग्राहकाच्या माणसानं टीमसोबतच बसायचं, असा संकेत होता. पुण्यात आज प्रत्येक कंपनी अजाइल आहे. रोज सकाळी उभ्यानं बैठक होते, दर दोन आठवड्यांनी स्प्रिंट, म्हणजे कामाचा एक टप्पा, संपतो. फक्त ज्याच्यासाठी हे सगळं चाललंय तो माणूस त्या खोलीत नसतो. त्याच्या जागी त्याच्या गरजा ‘समजून घेतलेला’ आमचाच एक माणूस असतो. जाहीरनाम्यातलं सोपं तेवढं उचललं आणि अवघड ते ठेवून दिलं.

आता एआयची भर पडली आहे. गेल्या वर्षात मला तीन वेळा सांगितलं गेलं, की कोड तर मशीनच लिहितं, मग प्रवासखर्च कशाला? मी स्वतः ही साधनं रोज वापरते आणि ती उपयोगी आहेत. पण टाइप करायला लागणारा वेळ ही कधीच अडचण नव्हती. त्या डायरीबद्दल कुणी मशीनला सांगितलं नाही तर मशीन काय करणार? ते आमच्याइतकाच नीटनेटका, आमच्याइतकाच चुकीचा पडदा पाच मिनिटांत बनवून देईल. कोड स्वस्त झाला याचा अर्थ माझ्या लेखी एवढाच, की वाचलेले तास आता काट्यापाशी बसायला वापरता येतील.

बसणं म्हणजे रोज हिंजवडीच्या वाहतुकीत दोन तास घालवून हजेरी लावणं असाही अर्थ कुणी घेऊ नये. आमची सध्याची टीम चार शहरांत आहे आणि व्हिडिओवर जोडीनं कोड लिहिते, उत्तम चालतं. डेव्हलपर एकमेकांपासून दूर असले तरी भागतं. वापरणाऱ्यापासून दूर असून भागत नाही.

आणि भाषा. महाराष्ट्रातल्या सरकारी प्रकल्पाच्या बैठकीत मी अनेकदा हे पाहिलंय: टेबलाच्या एका बाजूला तालुक्याच्या गावातून आलेले कर्मचारी, दुसऱ्या बाजूला आमची टीम. निम्म्याहून जास्त माणसं मराठी, आणि बैठक इंग्रजीत. कर्मचारी मान हलवतात. त्यांना सगळं पटलंय असं आम्ही इतिवृत्तात लिहितो. आमच्याच टीममधली लातूरची मुलगी, जिला ती कामं घरात बघून माहीत आहेत, इंग्रजीत चूक होईल म्हणून गप्प बसते. मग पडद्यावर ‘लाभार्थी प्रकार निवडा’ अशी इंग्रजीवरून ओढून आणलेली मराठी येते. काम करणाऱ्यांचे स्वतःचे शब्द असतात, नेमके आणि शतकानुशतकं घासून गुळगुळीत झालेले. फेरफार, गाव नमुना, खातेफोड, पोटहिस्सा. ‘चूल’ तशीच. ते शब्द बैठकीत आले तर त्यांच्यासोबत त्यामागचं कामही येतं.

महसूल खात्यानं या बाबतीत एक गोष्ट फार चांगली केली. संगणकावर चढवलेले सातबारे बिनचूक व्हावेत म्हणून २०१७ मध्ये गावोगावी चावडी वाचन झालं. नोंदी मोठ्यानं वाचायच्या आणि ज्याच्या त्याच्या जमिनीबद्दल गावानं सांगायचं, हे चुकलंय. क्षेत्र चुकलं, वारसाचं नाव राहिलं, विहीर लागलीच नाही. सगळीकडे ते सारख्या जोमानं झालं असं नाही, आणि चुका अजूनही आहेत. पण ज्याचा डेटा त्याच्यासमोर उघडा वाचायचा, ही कोड रिव्ह्यूची, म्हणजे केलेलं काम दुसऱ्यानं वाचून तपासण्याची, सर्वांत मोकळी पद्धत आहे. आणि ती आपल्या चावडीवर आधीपासून होती. माझी तक्रार इतकीच, की ती डेटा भरून झाल्यावर आली. प्रणाली आखतानाच चावडी वाचन का करू नये? पडदे कागदावर काढून तलाठ्यासमोर आणि चार खातेदारांसमोर ठेवायला एक सकाळ पुरते.

निविदांमध्ये काय बदलायला हवं ते मी थेट सांगते. एकूण रकमेचा ठरावीक हिस्सा पहिल्या दोन महिन्यांसाठी राखून ठेवावा, ज्यात कोड लिहिण्याआधी डेव्हलपरांनी, सेल्सच्या माणसांनी नव्हे, प्रत्यक्ष कामाच्या जागी बसायचं. संस्थेनंही आपले दोन-तीन कर्मचारी अर्धवेळ या कामाला द्यावेत आणि त्यांच्या नेहमीच्या कामाचं ओझं तेवढं कमी करावं, नाहीतर ते येणार नाहीत आणि त्यात त्यांचा दोष नसेल. ज्या टीमनं केलं तिनंच पुढची तीन वर्षं सांभाळायचं, आणि त्या तीन वर्षांत संस्थेची स्वतःची माणसं कोडमध्ये हात घालू लागली पाहिजेत. सल्लागाराचं शेवटचं बिल निघावं ते त्याच्याशिवाय काम चालू लागल्यावर. आणि स्वीकृतीच्या दाखल्यावर सही त्या माणसाची असावी, जो सोमवारी सकाळी ते उघडून बसणार आहे. साहेबांची सही हवी तर त्याखाली घ्या.

गेली सहा वर्षं मी माझ्या प्रत्येक प्रस्तावात एक ओळ घालते: पहिल्या महिन्यात किमान दहा दिवस वापरणाऱ्यांशेजारी बसणे, त्याचा दर अमुक. खासगी ग्राहक घासाघीस करतात, काही ती ओळ खोडतात. खोडली तर मी काम घेत नाही. त्यामुळे दोन मोठी कामं गेली आणि घरात त्यावर बोलणंही झालं. सरकारी निविदेत मात्र ती ओळ लिहूच शकत नाही. दरपत्रकाच्या छापील नमुन्यात सर्व्हर, परवाने, मनुष्यबळ, प्रशिक्षण, देखभाल असे रकाने असतात. शेजारी बसण्याचा रकाना नाही. प्रत्येक निविदापूर्व बैठकीत मी हात वर करून तो मागते. पुढच्या आठवड्यात आणखी एक बैठक आहे, तिथेही मागणार आहे.